भाड्याचं यंत्र आणि मोटरीमागची गुणगुण

लिफ्ट तपासण्याच्या खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी इमारत ज्यांना तपासनीस म्हणूनच हाक मारी, त्या तपासनीसांनी दूरदेशीचा एक सर्व्हर भाड्याने घ्यायचं ठरवलं. भाड्याने घेणे या विषयात आपल्याला कुणी काही शिकवावं, असं त्यांना वाटत नव्हतं. अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. नळ कधी येतो, खिडकी कुणाच्या खिडकीसमोर उघडते, घरमालक बोलका आहे की नुसताच खोकतो, हे सगळं पारखून ते खोली घेत. आणि सोडताना त्यांची बायको ती खोली अशी झाडूनपुसून देई, की घरमालकाला आपलीच खोली ओळखू येत नसे. खिळे उपटून भिंतीची भोकंसुद्धा बुजवायची. दुसऱ्याची वस्तू वापरून झाली की घेतली त्याहून स्वच्छ परत करायची, हा तिचा कायदा होता. तो कायदा पुढे तपासनीसांना चांगलाच भोवला, पण ते यथावकाश येईल.

सर्व्हर कशाला, असं विचाराल तर कारण एवढंच की बायको घरी नव्हती. मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली ती तिकडचीच झाली. आधी म्हणाली, बाळ मान धरेपर्यंत राहते. मग पालथं पडेपर्यंत. मग रांगेपर्यंत. या हिशेबाने ती बाळाचं लग्न उरकूनच परतणार, असं तपासनीसांना वाटू लागलं होतं. रोज संध्याकाळी फोन येई. "अहो, जेवलात का? गॅस बंद केलात का?" असं ती विचारी, हे "हो" म्हणत, मग बाळाच्या सर्दीवर सविस्तर चर्चा होई आणि फोन संपे. 'तुझ्यावाचून करमत नाही, आता ये' एवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघत नसे. 'ब्रेक समाधानकारक', 'दोर बदलणे आवश्यक' असे शेरे मारण्यात हयात गेलेल्या माणसाला विनंतीची सवय नसते. त्यात मुलीने परवा सहज म्हटलं होतं, "बाबा, आईला आता इथेच राहू दे ना. तुम्हीच या इकडे." त्यावर तिची आई काहीच बोलली नव्हती, आणि ते न बोलणं तपासनीसांच्या मनात घर करून बसलं होतं.

अशात माळा आवरताना टेपांचं खोकं सापडलं. नोकरीत असताना तपासनीस लिफ्टच्या मोटरींचे आवाज टेप करून ठेवत. बेअरिंग खराब व्हायच्या कितीतरी आधी मोटर आवाजातून सांगत असते, फक्त ऐकणारा हवा, असं त्यांचं म्हणणं. खात्यात याला पद्धत कुणी म्हणत नसे, खूळ म्हणत. खोक्यात सगळ्या मोटरीच मोटरी होत्या. एका टेपवर मात्र 'वरची मोटर, दुपार' असं लिहिलेलं होतं. लग्नानंतर त्यांनी घेतलेली पहिली खोली एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्रघराला लागून होती. इतकी स्वस्त खोली दुसरा कुणी घेत नव्हता, कारण भिंतीपलीकडे दिवसभर मोटर घरघरे. तपासनीसांना मात्र घरबसल्या मोटर ऐकायला मिळते याचंच अप्रूप. टेपरेकॉर्डर भिंतीला टेकवून ते कामावर जात आणि दुपारी बटण दाबायचं काम बायकोकडे असे.

त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरवर ती टेप लावली. मोटर घरघरली. आणि त्या घरघरीच्या मागे, पार मागे, कुणीतरी गुणगुणत होतं.

गाणं कुठलंच नव्हतं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना माणूस उगाच गुणगुणतो तसं. पण ती गुणगुण विशीबाविशीतल्या बायकोची होती, आणि ती ऐकल्यावर तपासनीस माळ्याच्या शिडीवर तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं, मोटर काढून नुसती ही गुणगुण फोनवर तिला ऐकवावी. म्हणजे जे वाक्य निघत नाही ते आपण न बोलताच पोचेल.

आता हे मुलीला विचारलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं, तिचं कामच कॉम्प्युटरवरचं. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तपासनीस शेजाऱ्यांकडे गेले. म्हणजे समोरच्या विमा एजंटकडे. या गृहस्थाला जगातल्या कुठल्याही विषयावर मत होतं आणि ते द्यायला वेळही होता. त्याने स्वतःच्या फोनमधलं एक फुकटचं अ‍ॅप काढलं, टेपचा आवाज त्यात घातला, आणि अ‍ॅपने क्षणात 'गोंगाट यशस्वीपणे काढला आहे' असं जाहीर केलं. दोघांनी कान लावले. मोटर गेली होती. गुणगुणही गेली होती. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही गोंगाटच होते. इतकी स्वच्छ शांतता तपासनीसांनी आयुष्यात ऐकली नव्हती.

"पण काढला ना गोंगाट?" विमेवाला म्हणाला.

"ती माझी बायको आहे," तपासनीस थंडपणे म्हणाले.

खरी वाट दाखवली ती तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दंतवैद्याने, त्याच्या बाजारातल्या दवाखान्यात. हा तरुण माणूस, दातांचे फोटो कसल्याशा प्रोग्रामकडून वाचून घेत असे. त्याने सांगितलं, की असा एक प्रोग्राम आहे ज्याला शिकवता येतं. नुसत्या मोटरीचे भरपूर आवाज ऐकवा, तो मोटर म्हणजे काय ते शिकेल आणि तेवढीच उचलून बाजूला ठेवेल. नुसत्या मोटरी! तपासनीसांच्या डोळ्यांपुढे खोकं उभं राहिलं. आयुष्यभरच्या खुळाला पहिल्यांदाच कुणीतरी गिऱ्हाईक मिळालं होतं.

"पण तुमच्या लॅपटॉपवर हे होणार नाही," दंतवैद्य म्हणाला. "जीपीयू लागेल. तो असलेला सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो."

"ते काय असतं?"

"असं समजा, तुमचा लॅपटॉप म्हणजे एकटा हुशार माणूस. जीपीयू म्हणजे हजारो साधी माणसं, सगळी मिळून एकच काम करणारी."

"म्हणजे आमचं खातंच की."

"फक्त ही खरंच काम करतात," दंतवैद्य म्हणाला आणि त्याने पेशंटला आत बोलावलं.

भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'काही मिनिटांत सुरुवात करा' असं लिहिलं होतं. तपासनीसांनी चहा झाकून ठेवला, काम उरकल्यावर गरम मिळावा म्हणून. तो चहा पुढे बेसिनमध्ये गेला. आधी कार्ड अडलं. बँकेतल्या मुलीचा फोन आला आणि तिने फार मायेने विचारलं, "काका, हा व्यवहार तुम्हीच करताय ना? कुणी फोनवरून करायला सांगतंय का?"

"कुणी नाही."

"आत्ता तुमच्या शेजारी कुणी उभं आहे का?"

तपासनीस खोटं बोलत नसत. शेजारी विमेवाला उभा होता. "आहे," ते म्हणाले. कार्ड ताबडतोब गोठवण्यात आलं, आणि आपण कुणाच्या दडपणाखाली नाही हे पटवायला तपासनीसांना स्वतः बँकेत जाऊन बसावं लागलं. विमेवाल्याला बरोबर न्यायची चूक त्यांनी केली नाही.

कार्ड सुटलं तर कोटा आडवा आला. 'आपल्या खात्याचा जीपीयू कोटा: शून्य.' वाढवून हवा असल्यास उद्देश कळवा. हा कागदी मुलूख तपासनीसांच्या ओळखीचा होता. त्यांनी 'विषय: जीपीयू मिळणेबाबत' असा झोकात अर्ज लिहिला. उत्तर आलं, उद्देश पुरेसा स्पष्ट नाही. विमेवाला म्हणाला, "संशोधन लिहा. संशोधन म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही." पण न तपासलेल्या लिफ्टवर ज्याने कधी सही केली नाही, तो माणूस असलं काय लिहिणार? त्यांनी लिहिलं: पत्नीच्या गुणगुणण्यामागील मोटर काढणे. अर्ज मंजूर झाला. तो कुणी वाचला होता की नाही, हे तपासनीसांना आजही कळलेलं नाही.

मग यंत्र कुठल्या गावातलं हवं, अशी यादी आली. जवळचं निवडा, काम जलद होईल, अशी सूचना होती. तपासनीसांची नजर यादीवरून खाली गेली आणि एका नावावर थांबली. ते मुलीच्या शहराचं नाव होतं. यंत्राला काय, ते कुठल्याही गावात तेवढंच चालतं. तपासनीसांनी तेच निवडलं. तेवढं तरी तिच्या गावात राहील, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं ते त्यांनी विमेवाल्याला सांगितलं नाही.

यंत्राची किल्ली म्हणून एक फाईल मिळाली. ती लावली तर यंत्राने दार उघडायचं सोडून सुनावलं, की ही किल्ली फार उघड्यावर पडलेली आहे, कुणीही वाचू शकेल, सबब स्वीकारता येत नाही. तपासनीसांचा चेहरा पडला. बाहेर पडताना कुलूप ओढून बघणारा, जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढून बघणारा हा माणूस. त्याला किल्लीवरून कुणी बोलावं? विमेवाला चाचरत म्हणाला, "मला बघायला पाठवली होतीत ना, ते कळलं असेल का हो त्याला?" शेवटी दंतवैद्याने एक ओळ टाईप करून किल्लीवर पडदा टाकला आणि दार उघडलं.

आत काळी खिडकी आणि लुकलुकणारी एक रेघ. तपासनीसांनी सवयीने आधी यंत्राची पाटी मागितली. तशी एक कमांड होतीच. तापमान किती, भार किती, सगळं ओळीने दिसलं. तपासनीस सुखावले. निवृत्तीनंतर कुठल्याही यंत्राने त्यांना इतक्या आदबीने माहिती दिली नव्हती. खोक्यातल्या मोटरी आणि ती गुणगुणीची टेप लॅपटॉपमध्ये भरून एकेक करून तिकडे चढवल्या, शिकवणी सुरू केली, भार एकदम अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेला. त्यांच्या हाताखालची मोटर असती तर त्यांनी जागच्या जागी सील ठोकलं असतं. पण हे भाड्याचं होतं, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

पहिली शिकवणी आंघोळीने बुडवली. चालू वस्तू टाकून उठायचं नाही हे घरचं वळण, म्हणून आंघोळीला जाताना त्यांनी लॅपटॉप मिटला. परत येऊन पाहतात तो तार तुटलेली, शिकवणी अर्ध्यावर मेलेली. तिकडचं यंत्र मात्र रिकामं बसून भाडं खात होतं. मग दंतवैद्याने लॅपटॉप मिटला तरी काम चालू ठेवायची युक्ती शिकवली. पुन्हा शिकवणी. या वेळी तपासनीस रोज सकाळ-संध्याकाळ पाटी बघत, आणि संध्याकाळच्या फोनवर बायको विचारी, "आज काय केलंत दिवसभर?"

"काही नाही. एक मोटर बघत होतो."

"अजून?" ती हसून म्हणे. मग बाळ रडे.

एका दुपारी काम संपलं. पडद्यावर नाव उमटलं, 'गुणगुण, स्वच्छ'. आणि इथे तो कायदा भोवला. पडद्यावर नाव दिसतंय, पडदा आपल्या लॅपटॉपचा, लॅपटॉप आपल्या टेबलावर. म्हणजे वस्तू घरात आली, असं त्यांनी धरलं. आता भाड्याची जागा परत करायची. ती अशीच कशी करायची? त्यांनी शिस्तीत झाडायला घेतलं. एकेक मोटर पुसली. शिकवणीचा पसारा पुसला. कोपऱ्यात उरलेल्या बारीकसारीक फायली वेचून काढल्या. यंत्राने विचारलं, खात्री आहे ना, काही परत मिळणार नाही. ते मनाशी म्हणाले, पुढच्याला कशाला आपला कचरा, आणि हो म्हणाले. मग यंत्र परत केलं, हात धुतले, खुर्चीत बसले आणि गुणगुण ऐकायला गेले. ती लॅपटॉपवर कुठेच नव्हती. ती तिकडेच होती, आणि त्यांनी ती झाडून टाकली होती.

विमेवाला डोकावला आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता परत गेला. कंपनीच्या मदत विभागाने कळवलं, की पुसलेली माहिती परत मिळणं शक्य नाही, क्षमस्व, शिवाय प्रत्येक यंत्र आम्हीच पुसून पुढच्याला देतो, आपण तसदी घ्यायची गरज नव्हती. खाली विचारलं होतं, आपला अनुभव कसा होता? तपासनीसांनी शेरा लिहिला: यंत्र समाधानकारक. भाडेकरू बदलणे आवश्यक.

त्या संध्याकाळी फोनवर बायको म्हणाली, "बाळ आता धरून उभं राहतंय. चालेपर्यंत थांबू का?" त्यांना नाही म्हणायचं होतं. "बघ तुला कसं जमतंय ते," ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपल्याच जिभेवर चिडले.

दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. कोटा, किल्ली, खोकं, तेच शहर. या वेळी काम झाल्यावर दंतवैद्याने दवाखान्यातून फोनवर हजर राहून गुणगुण आधी घरी आणवली, लॅपटॉपवर वाजवून बघायला लावली, आणि मगच झाडायची परवानगी दिली.

मोटर गेली होती. स्वच्छ, जवळ, कानाशी बसल्यासारखी ती गुणगुणत होती. तपासनीस ऐकत राहिले. आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. गुणगुण मध्येच तुटत होती. सुरू होई, थोडी चढे, आणि एकदम थांबे. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा सुरू, पुन्हा थांबे. कधी लवकर, कधी उशिरा. यंत्राने मोटरीबरोबर गुणगुणही कापली असणार, असं म्हणून त्यांनी कडक तक्रार लिहायला घेतली. पण शेरा मारायच्या आधी मूळ वस्तू तपासायची, ही नोकरीतली सवय. त्यांनी मूळ टेप लावली.

मोटर घरघरली. वर जाणारी लिफ्ट, भरलेली. हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. गुणगुण सुरू झाली. मोटर थांबली, ब्रेक बसला. एवढ्या वेळात थांबली म्हणजे दुसरा मजला. गुणगुण थांबली. खाली जाणारी लिफ्ट, रिकामी. गुणगुण नाही. पुन्हा वर. गुणगुण. चौथ्या मजल्यावर ब्रेक. गुणगुण बंद.

तपासनीसांनी टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. मग आणखी एकदा. काही चूक नव्हती. लिफ्ट वर यायला लागली की ती गुणगुणायला लागे, आणि लिफ्ट खालच्याच मजल्यावर थांबली की गप्प होई. आख्खी दुपार ती लिफ्टकडे कान लावून बसली होती. आणि ज्याची वाट बघत होती तो गावभरच्या लिफ्ट तपासत फिरत होता. टेपच्या शेवटी लिफ्ट दुसरा ओलांडते, चौथा ओलांडते, वर येतच राहते, गुणगुणही चढत राहते, आणि खट्. टेप तिथेच संपलेली. हजारो साध्या माणसांनी राबून मोटर काढली होती, आणि सगळा अर्थ मोटरीत होता.

संध्याकाळी फोन आला. जेवलात का, गॅस बंद केलात का, हे व्हायच्या आत तपासनीस म्हणाले, "थांब. हे ऐक." आणि त्यांनी मोटरीसकट टेप लावली.

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं, ते आपटणं थांबलं. बहुतेक तिने त्याला उचलून घेतलं.

"ही आपली वरची खोली," ती म्हणाली.

"हो. अगं, लिफ्ट खाली थांबली की तू थांबायचीस."

"मग? तुम्ही नसायचात ना."

"मला माहीतच नव्हतं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे कळायला काय केलंत हो?"

तपासनीसांनी सांगितलं. कार्ड, कोटा, किल्ली, आंघोळ, झाडझूड, सगळं. झाडझुडीला ती इतकी हसली, की बाळही हसायला लागलं. हसू ओसरलं. ते म्हणाले, "मला करमत नाही गं. घर खायला उठतं. तू ये."

मग ती म्हणाली, "एवढं म्हणायला सर्व्हर लागला तुम्हाला?" आणि मग, हळू आवाजात, "येते. बाळाची सोय लावते आणि येते. थोडे दिवस लागतील."

"शेवटी लिफ्ट पार वर येते," तपासनीस म्हणाले. "आणि टेप संपते. ते कोण होतं?"

"तुम्हीच होतात," ती लगेच म्हणाली. तिला ते खरंच आठवत होतं, की तिने आत्ता तसं ठरवलं, हे तपासनीसांनी तपासलं नाही.

फोन संपला. त्यांनी गॅस बंद असल्याची खात्री केली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. ते पाचव्या मजल्यावर राहत. खाली लिफ्टचं दार ओढल्याचा आवाज आला, मोटर सुरू झाली. लिफ्ट वर येत होती, एकच माणूस असावा. ती इतक्यात यायची नव्हती, ती दूर दुसऱ्या देशात होती, हे तपासनीसांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांच्या नकळत ते गुणगुणायला लागले. पहिला मजला गेला, दुसरा गेला.

तिसऱ्यावर ब्रेक बसला. तपासनीस थांबले. दंतवैद्य घरी आला होता.